हंगामाच्या सणाचा कोंबडा

नारपोली, भिवंडी
२८ नोव्हेंबर २०२४

चि. विपुल यास,
अ. उ. आ. आणि प्रभूच्या नावात सलाम.

पत्रास कारण की, तुझा ड्रायव्हर सोमवारी आमच्या गॅलरीत जो कोंबडा बांधून गेला, तो शास्त्राला धरून वागत नाही. ब्राह्ममुहूर्ताला आरवणं हा त्याचा धर्म, हे मला मान्य आहे. पण हा गृहस्थ माझ्या वामकुक्षीच्या वेळी आरवतो, उत्तरपत्रिका तपासताना आरवतो, आणि काल तर माझ्या प्रार्थनेत मी आमेन म्हणण्याआधी त्यानेच समारोप केला. खालचे खलीलभाई आयुष्यभर लूमच्या खटखटीत झोपलेले. तेही वर येऊन अदबीने विचारून गेले की मास्तर, यांची शिफ्ट संपते तरी कधी. तुझ्या वहिनीचं मत वेगळं आहे. रूपा म्हणते, कोंबडा बरोबर आहे, घड्याळ चुकीच्या घरात लागलंय.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. अप्पांचा नियम आठव. राग असेल तर तोंडाने बोलायचं नाही, पत्र लिहून टपालात टाकायचं. राग असताना सूर्य मावळू देऊ नये असं शास्त्र सांगतं, आणि नारपोलीहून राहनाळला पत्र पोचेपर्यंत तो चांगला तीनदा मावळतो, हे अप्पांच्या कधी लक्षात आलं नाही. पण नियम तो नियम.

तर आता रागाचं.

आपल्या मंडळीचा हंगामाचा सण कसा असतो, हे तुला मला सांगावं लागतंय. ज्याच्याकडे जे पिकलं ते त्याने वेदीपुढे आणायचं, आराधना झाली की अंगणात लिलाव. देवळाची देखभाल करणारा पंढरी पुकारतो, आपण बोली लावतो. आणि एखाद्या गरिबाने एका जिनसेवर बोली लावली की बाकीच्यांनी छताकडे बघायचं. जिन्नस त्याच्याकडे जातो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण अप्पा बघत आले, मी बघत आलो, कंजूष म्हणून नावाजलेला लडकूसुद्धा बघतो. अंगणात छत नाही, तरी बघतो.

आत्या दरवर्षी एक कोंबडा आणते (यंदाचा लिलावात तूच घेतलास, तोच माझ्या गॅलरीत आहे) आणि एक लाल भोपळा घेऊन जाते. भोपळा बियांसाठी. आशीर्वादाचं बी कोन गावातल्या तिच्या खोलीमागे लावते, आणि त्याच वेलाचे भोपळे पुढच्या वर्षी गल्लीभर वाटते. यंदा तिने भोपळ्यावर बोली लावली आणि तू वर बोललास. तिने हसून पुन्हा लावली, तू पुन्हा वर. तुला वाटलं असेल की गंमत चालली आहे. अंगणात कुणी हसत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, इपू, मना एक तरी नेव दे रं. तेव्हा तुझ्या शेजारी पुढच्या खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यांनी, ज्यांना तू राहनाळची गोदामं भाड्याने देणार आहेस त्यांनी, तुला विचारलं की ही कोण. आणि तू म्हणालास की येते इथे, झाडलोट करते.

आई गेल्यावर जिने आपल्या दोघांना वाढवलं, तिच्याबद्दल हे. तीन हातांवर ती उभी होती. तिने ऐकलं.

उंटाचं आणि सुईच्या नाकाचं मी तुला सांगणार नाही. तुझ्या गोदामात उंट मावतील इतकी जागा आहे. श्रीमंत होणं हे पाप नाही, हेही मी मुलांना शिकवतो. पण प्रभूला पकडून नेलं त्या रात्री अंगणातल्या शेकोटीपाशी बसून 'मी त्याला ओळखत नाही' असं म्हणालेल्या त्याच्या शिष्याला एका कोंबड्याने आरवून रडवलं होतं. तुझा कोंबडा तू माझ्या गॅलरीत बांधलास. तो चुकीच्या माणसासाठी आरवतोय.

लोभ आहेच. सध्या तो फार तापलेला आहे, हात लावू नकोस.

तुझा,
मनोज दादा


राहनाळ
३ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. संस्कृत शब्दांसाठी तिसऱ्यांदा उन्नतीकडून वाचून घेतलं. ती म्हणाली, पप्पा, काका रागात सुद्धा किती छान लिहितात. घरात माझी ही किंमत.

मी बोललो ते चूक होतं. बस, लिहिलं. आता माझंही ऐक.

ती पार्टी मुंबईहून आली होती. सण बघायचाय म्हणाली म्हणून मी आणलं. तो गोदामाचा सौदा गेला असता तर रोज ड्युटीवर येणारी हमाल पोरं घरी बसली असती. सगळं नीट चाललं होतं, आणि आत्या त्या फाटक्या चपलांनी पुढे आली. मला काय झालं ते मलाच कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. तू म्हणशील लाज वाटली. हो, वाटली. तिची नाही, माझी. मी कुठून आलो ते त्यांना कळेल याची. यात काय फरक आहे ते तू मला व्याकरणाने समजाव.

पण दादा, तूही तिथेच होतास. शेवटच्या बाकावर. तू नेहमी शेवटच्या बाकावर बसतोस, आणि अख्ख्या मंडळीला माहीत असतं की मनोज मास्तर शेवटच्या बाकावर बसतात. माझी खुर्ची पुढची, तुझा बाक मागचा. दोन्हीकडे लोक बघतात. तुला ऐकू आलं ना? मग उठून का नाही म्हणालास की ही आमची आत्या? तू तेव्हा छताकडे बघत होतास. अंगणात छत नाही, हे तूच लिहिलंस.

मी हात बांधून बसलेलो नाही. बुधवारी ड्रायव्हरबरोबर तिला साडी पाठवली, चांगली पैठणी, आणि नव्या चपला. चपला ठेवून घेतल्या. साडी परत आली, वर गावठी अंडी. ड्रायव्हरला तिने चहा पाजला, त्याच्या बायकोची चौकशी केली, आणि सांगितलं की एवढी भारी साडी नेसून मी कोंबड्यांना दाणे टाकले तर त्या घाबरतील. आता मी काय करू? जे देता येतं ते देतो, तेही चुकतं.

भोपळ्याचं म्हणशील, तर तो मी पाहुण्यांना दिला. त्यांच्या गाडीतून गेला. मला बियांचं आठवलंच नाही. कोंबडा तुझ्याकडे पाठवला तो घरी ठेवायची हिंमत नव्हती म्हणून. हे तुझ्या आधी मला कळलं होतं.

राग ओसरला तर लोभ मागेन. तोवर मागत नाही.

तुझा,
विपुल


कोन
६ डिसेंबर २०२४

चि. मनोज आणि चि. इपू,
दोघांना आत्याचा सलाम आणि मुका.

(मी अंगणवाडीतली करिष्मा. ठकुबाई सांगतात तसंच लिहिते आहे, माझं काही घातलेलं नाही. एकच मजकूर दोघांना पाठवते आहे.)

मी बरी हाय. कोंबऱ्या बऱ्या हायत. रूपा परवा येऊन गेली, ती सांगत होती तुमी दोघं कागदावर भांडताव. बापाची खोड हाय ती. त्यो बी माज्याशी असाच भांडायचा, एका घरात ऱ्हाऊन पत्र लिवायचा. मना वाचता येत न्हाय हे इसरायचा, मंग सोताच वाचून दाखवायचा आन सोताच हसायचा.

इपू, चपला पायात बसल्या. साडीचा राग धरू नको. तुजी आई असती तर नेसली असती, ती गोरी व्हती.

त्या दिवशीचं मी मनात धरलं न्हाय. तू म्हनालास ही झाडलोट करते. मंग सगले गेल्यावर मी पंढरीकडून झाडू मागून घेतला आन देवलाचं अंगन झाडलं. सगलं झाडलं, पाकल्या, पिसं, भाजीचा पाला. पोराचा शब्द खोटा पडाय नको, परक्या मानसांपुढं तर न्हायच न्हाय. झाडताना मधी मधी बसले, छातीत दम भरतो आता. पन निगालं साफ. पंढरी बोलला आज्ये राव दे, मी बोलले आज माजी ड्युटी हाय.

मनोज, कोंबऱ्याला लई दिवस बांदून ठेवू नको, बांदलेला कोंबरा वंगाल लागतो. पंदरा तारकेला रविवार हाय. आराधना झाली की दोघं हितं या, कोंबरा घेऊन या, मी कापते. तांदलाची भाकर करीन. दोघांनी एका ताटात जेवायचं, ल्हानपनी जेवायचे तसं. आन इपू, त्यो भोपला कापलास तर बिया टाकू नको, वाललेल्या घेऊन ये. लावायची येल टलून जाईल.

देव तुमाला सुकी ठेवो. येताना भांडत आलात तरी चालंल, पन या.

तुमची आत्या
ठकुबाई


नारपोली, भिवंडी
९ डिसेंबर २०२४

चि. विपुल यास,
अ. उ. आ.

आत्याचं पत्र तुलाही मिळालं असेल. मी ते वर्गात वाचलं. म्हणजे मुलांना नाही. मुलं संधी सोडवत होती आणि मी टेबलाखाली धरून वाचत होतो. मग मुलांनी विचारलं की सर, डोळ्यांत काय गेलं, तर मी खडूची धूळ म्हणालो. फळ्यावर आम्ही हल्ली मार्कर वापरतो. ती समजून माझी चूक झाकतात. चांगली मुलं आहेत.

शेवटच्या बाकाचा तुझा आरोप मी फेटाळणार होतो. तिथे पंखा आहे, असं उत्तरही तयार होतं. पण छताचं तू जे लिहिलंस, ते खरं आहे. ती झाडत होती तेव्हा मी कुठे होतो, सांगू? तुझ्यावर चिडून तडक निघालो होतो आणि रिक्षात बसून मनातल्या मनात तुझ्यावर खरमरीत श्लोक रचत होतो. वृत्तही जमलं होतं. एका घरात एक भाऊ पैशाने फुगला आणि दुसरा विद्येने, आणि दोघांच्या मधलं अंगण एका म्हातारीने झाडून काढलं.

यावरून तुझा गुन्हा कमी झाला असं समजू नकोस. मी अजून संतापलेला आहे. तिने तुला शिक्षा केली नाही, तुझं खोटं खरं करून दाखवलं. मला कुणी असं माफ केलं असतं तर मी महिनाभर ताठ बसू शकलो नसतो. नम्रता म्हणजे मान खाली घालणं, असं मी तीस वर्षं शिकवलं. तिने मान अजिबात खाली घातली नाही; हातात झाडू घेतला. त्या दोन गोष्टींत जे अंतर आहे ते कुठल्या गुरूने मला शिकवलं नाही, आणि तुझ्या गोदामात ते विकतही मिळत नाही.

रविवारी तू येणार आहेस. हे विचारत नाही, सांगतो आहे. ड्रायव्हर पाठवायचा नाही, तू यायचंस. नव्या साडीची, मोठ्या पाकिटाची, कशाचीच पिशवी नको. भोपळा पाहुण्यांच्या गाडीतून गेला, हे मी आत्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तू तिच्यासमोर बसून, तुझ्या तोंडाने सांगायचंस. बाजारातून दुसरा भोपळा आणून त्याच्या बिया पुढे करशील, तर ती मुकाट्याने घेईल आणि लावेलही. म्हणूनच तसं करू नकोस.

कोंबड्याला मी सोडलं आहे, तो आता गॅलरीभर फिरतो. कालपासून तो फक्त पहाटे आरवतो. रूपा म्हणते, बहुतेक त्याला पत्ता कळला.

आता एवढं सगळं रागाने लिहून झाल्यावर जे लिहायचं होतं ते लिहितो. तिच्या पत्रात झाडताना मधे मधे बसल्याचं आहे. मी आज शाळा सुटल्यावर कोनला जाऊन आलो. दारापासून चुलीपर्यंत जाताना ती भिंतीला हात लावते. डॉक्टरांकडे जाऊया म्हणालो, तर म्हणाली पंधरा तारखेनंतर. ती गेल्यावर आपल्याला एका ताटात बसवणारं कुणी उरणार नाही, विपुल. मग आपण दोघं एकाच तालुक्यात राहू, सणाला दोन टोकांना बसू, आणि कुणी विचारलं की हा कोण, तर काय उत्तर देऊ, याची मला भीती वाटते.

तुझा,
दादा