पप्पाजी 'मार' म्हणाले

मंगळवार, जुन्नर

अजून हसू येतंय, आणि थोडं कसंतरीही होतंय. रोज दुकान उघडायच्या आधी मुंग्यांना पीठ घालणारे माझे सासरे आज टीव्हीसमोर ओरडले, "मार की त्याला! बघती काय नुसती!"

माझ्या लेकीबरोबर, रिद्धीबरोबर ते ती लढाईची कार्टून सिरीयल बघतात. आज त्यातल्या मुलीला तिचं गाव जाळणारा सेनापती अखेर सापडला. तलवार त्याच्या गळ्यावर, आणि तो आपल्या आंधळ्या घोड्याला पाणी पाजत होता.

रिद्धी म्हणाली, "दादाजी, तुम्ही तर मुंगीपण मारत नाही ना?"

तिकडे टीव्हीत त्या मुलीने तलवार खाली घेतली. मग पप्पाजींनी त्या सेनापतीला चक्क हात जोडले, "मिच्छामि दुक्कडम." मुंग्यांना पीठ घालणारे तेच हात. संवत्सरीला आम्ही जैन असं म्हणून सगळ्यांची क्षमा मागतो, पण कार्टूनची?

आणि मी? स्वयंपाकघरातून बघताना मलाही तो मेलेलाच हवा होता. पप्पाजी आधी ओरडले, म्हणून मी वाचले.

टीव्ही बंद करताना त्यांनी रिद्धीला हळूच विचारलं, "उद्या तरी मारंल का गं ती?"

उत्तर ऐकायच्या नादात माझी पोळी करपली.