त्यांच्याकडे काय करतात

काळेवाडी,
३ एप्रिल १९७४

चि. नीला हीस दादाचे अ. आ. आणि जयभीम.

तुझं पत्र पोचलं. विद्यापीठात जपानचा सिनेमा दाखवतात आणि पुढे त्याचाच पेपर असतो, हे मी कंपनीत सांगितलं. ज्योतीराम म्हणाला, भीमराजभाऊ, सिनेमे बघून पास होत असते तर मी कधीच एम. ए. झालो असतो.

तुझ्या आईचं दुखणं उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, आता घरीच ठेवा. ती तुझं पत्र पुन्हापुन्हा वाचायला लावते. एक गोष्ट तुला विचारायची आहे तिला. शेजारचे साहेबराव वारले तेव्हाचं आठवतं ना? प्रेत दारात आणि भांडण गल्लीत. गावाकडचे म्हणत दहावं करा. पोरं म्हणत, आपण आता बौद्ध, मेणबत्ती लावा. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. आई म्हणते, जपानचे लोक पिढ्यान्‌पिढ्यांचे बौद्ध, माणूस गेल्यावर ते काय करतात ते नीलाला विचारा, माझ्या वेळी भांडण नको. मी रागावलो, तर म्हणाली, तुमच्या रागानं मी थांबणार हाय का. म्हणून लिहितो.

जेवणाची आबाळ करू नकोस. इथली माया पोचती समज.
दादा

कलकत्ता,
१२ एप्रिल १९७४

ती. आई व दादा यांना नीलाचा सा. न. व जयभीम.

आई, असलं विचारू नकोस, असंच लिहायला बसले होते. पण तुला उडवाउडवी चालत नाही. सरांना विनंती करून तो चित्रपट पुन्हा पाहिला. त्यात एका कोळ्याच्या घरातली म्हातारी जाते. तिची लेक ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसते, ओठांना पाणी लावते. दहनानंतर घरची दोन माणसं मिळून काठ्यांनी एकेक अस्थी उचलतात. सर म्हणाले, ही त्या देशाची रीत, श्रीलंकेतले बौद्ध वेगळं करतात. म्हणजे एकच एक रीत नाहीच! आपल्याला आपली घडवता येईल. मला याचा किती आनंद झाला, काय सांगू.

माझा शेवटचा पेपर सहा मेला. नऊ तारखेच्या गाडीनं निघते. तोवर ही चौकशी बंद. स्वयंपाक मी करीन, तू नावं ठेवायला तेवढी तयार राहा.

रागावलात तरी विसरू नका.
तुमची नीला

काळेवाडी,
१९ मे १९७४

चि. नीलास अ. आ.

तार मिळाली असेल. नसेल, तर पुढचं वाचण्याआधी कुणाला तरी जवळ बसव. तुझी आई, माझी कस्तुरा, सोळा तारखेला सकाळी गेली. रेल्वेचा संप लागल्यापासून ती रोज विचारायची, गाड्या सुरू झाल्या का. मग विचारायची थांबली. तेव्हाच मी समजलो.

भांडण झालं नाही. तुझं पत्र मी गल्लीत उभं राहून वाचलं. तुझे सोपानमामा पुटपुटले, आता रडायचंबी जपानकडून शिकायचं व्हय. शेजारची केसरबाई त्यांच्यावर उखडली. म्हणाली, कस्तुरानं तिचं ठरवलं, तुमचं तुमच्या वेळी बघा. लेकीचं काम हाय, मी नीलाच्या जागी करते, असं चारचौघांत सांगून तिनंच तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी मी आणि तुझा भाऊ जयसिंग, आम्ही मिळून अस्थी उचलल्या. काठ्या नव्हत्या, हातांनीच.

काही चुकलं असेल तर लिही. हे पत्र तुला कधी मिळेल कोण जाणे.
दादा

कलकत्ता,
३ जून १९७४

ती. दादांना सा. न. व जयभीम.

तुमचं पत्र आज आलं. तार आधीच मिळाली होती. ट्रंक घेऊन हावडा स्टेशनवर गेले, दिवसभर बसले, परत आले. आता गाड्या सुरू झाल्यात, उद्या निघते.

दादा, काही चुकलं नाही. केसरबाईंच्या मी पाया पडणार आहे.

पण एक विचारते. आईचं तोंड डोळ्यांपुढे आणायला बसले, की ती चित्रपटातली म्हातारीच येते. त्या परक्या बाईचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा मी दोनदा पाहिला, कुठे सुरकुती होती तेही सांगेन. आपल्या आईचा पाहिला नाही. मी आले की बाकी काही बोलू नका, एवढंच सांगा. तिचे डोळे नीट मिटले होते का?

तिच्या वाटची मायाही आता तुम्हीच लावा.
नीला