चार नंबर जेवत नाही

३ फेब्रुवारी, सकाळी ९
आजपासून रोज लिहायचं. सोलापूरच्या फार्मसी कॉलेजात उंदीर सांभाळायला लागून महिना झाला. गाव उजनीच्या पाण्याकाठी, करमाळ्याच्या पुढं. शिक्षण आठवी नापास. पण डोकं सायन्सचं आहे, हे मला आधीपासून माहीत होतं. तीन महिने काम बघणार, मग परमनंट. निश्चय: शिस्त. उंदराला माया लावायची नाही.

४ फेब्रुवारी
बुद्धप्रिया मॅडम पीएचडी करतात. त्यांनी प्रयोग समजावला. मेंदूत भुकेचं एक कुलूप असतं. गांजा ही त्याची किल्ली, म्हणून गांजाडे खा खा करतात. शरीरही स्वतः तसली किल्ली बनवतं. मॅडमचं औषध आधीच जाऊन कुलपात बसतं, किल्ली फिरूच देत नाही. दुसऱ्या कुलपांना हात लावत नाही. आपल्या कामाशी काम. माझ्यासारखंच.
आठ पिंजरे, आठ उंदीर. चौघांना औषध टोचणार, चौघांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते मला सांगायचं नाही म्हणे. मी उरलेलं खाद्य काट्यावर मोजून वहीत लिहायचं. बास.

७ फेब्रुवारी
एक ते चार खात नाहीत. ओळखलं की! मॅडमना बोललो नाही. त्यांना वाईट वाटलं असतं.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
चार नंबर तोंड फिरवून बसतो. बघवत नाही. ही माया नव्हे, निरीक्षण. आमच्याकडं बैलानं वैरण सोडली की घरात कुणी जेवायला बसत नाही. आधी त्याला हातानं घास भरवायचा. जुने अटेंडंट बसप्पाकाका म्हणाले, रामहरी, ह्यो बैल न्हाय, उंदीर हाय. गप बस की. काकांना शास्त्रातलं काय कळतं!

१० फेब्रुवारी
कडक भाकरी चुरून पाण्यात भिजवली, वर शेंगदाण्याचा कूट. तळहातावर धरली. चार नंबरनं खाल्ली! मग बाकीच्या तिघांनी. वहीत लिहिलं नाही. मॅडमनी खाद्य मोजायला सांगितलंय. भाकरी खाद्यात येत नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळी
रोज भाकरी चालू आहे. आजपासून बंद.
संध्याकाळी ६.१०. उद्यापासून बंद.

२५ फेब्रुवारी
वजनं झाली. एक ते चार: खाद्य निम्मं, वजन वाढलेलं. मॅडमनी काटा तीनदा तपासला. म्हणाल्या, असं कुठंच वाचलं नाही रे मी! डोळे चमकत होते. शुक्रवारी मोठ्या सरांना दाखवणार. शोध लागताना मी हजर होतो. परमनंट पक्कं.

२७ फेब्रुवारी
बसप्पाकाकांनी कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, पोरगी उद्या सरांपुढं तोंडावर पडंल. तू सांगतोस का मी सांगू? म्हटलं, मीच सांगणार होतो. विचार चालूच होता माझा. काका म्हणाले, व्हय व्हय, दिसतंय की.

२८ फेब्रुवारी
सांगितलं. सर यायच्या आत. मॅडम ओरडल्या नाहीत, त्यानं लई बेजार झालो. वही उघडून विचारलं, रोज किती ग्रॅम घातलीस? म्हटलं, पोटभर. म्हणाल्या, पोटभर म्हणजे किती? मी तळहात पुढं केला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

१० मार्च
सगळं पहिल्यापासून. नवे आठ उंदीर. मॅडमचा महिना गेला. मला काढलं नाही. मॅडम म्हणाल्या, खरं बोलला. परमनंटचं पुढच्या वर्षी बघू, असं सर म्हणाले. सध्या काम: बाटल्या धुणे. पिंजऱ्याजवळ फिरकायचं नाही. बरंच झालं. मला जनावरांचा तसा नाद नाही.
संध्याकाळी सहज खिडकीतून पाहिलं. बसप्पाकाका खाद्य मोजत होते. नव्यातल्या दोन नंबरनं तोंड फिरवलं. मी तडक निघून आलो.
मेसमध्ये दोन घास खाऊन उठलो. वाढणाऱ्या गौरम्मा म्हणाल्या, का रे, तुलापण टोचलं का काय मॅडमनी?
म्हटलं, न्हाय.