माझ्या नावाची हजेरी

प्रिय सत्यशीला,

पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का तू आधी वाचला असशील आणि तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. बीडच्या चकलांब्याची पोरगी कृष्णाकाठावर काय करतेय, हेच ना? सांगते. फोनवरही सांगता आलं असतं, पण मी एक वाक्य बोलले की तू तीन बोलतेस आणि चौथ्याला रडतेस. म्हणून हे पत्र. उसाच्या पाचटाच्या कोपीच्या दारात बसून लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं आलं तर नावं ठेवू नकोस.

तुझ्या होस्टेलच्या खोलीची फार आठवण येते. यादीत नाव तुझं आणि पलंगाच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागावर मी, रेक्टरबाईंना सांगायला तुझी मावसबहीण. त्या बाईंनी एकदाही विचारलं नाही की दोघी बहिणींची तोंडं एकमेकींशी जरा तरी का जुळत नाहीत. सहकाराचा पेपर आपण घेतला तो केवळ पंडित सर बरे शिकवतात म्हणून. सहकाराची तत्त्वं तू आरतीच्या चालीवर पाठ केली होतीस आणि मेसमधली सगळी टेबलं आपल्याकडं वळून बघत होती. खुलं आणि ऐच्छिक सभासदत्व, हे पहिलं. आता मोळी बांधताना तीच चाल माझ्या तोंडात येते. कारखान्याचा सभासद कोण, तर ऊस पिकवणारा. तोडणारा कोण, हे सरांनी कधी विचारलं नाही आणि आपल्यालाही कधी सुचलं नाही.

हो, मी ऊस तोडतेय. माय आजारी आहे म्हणून गावी थांबलेय, असं मी तुला सांगितलं होतं. त्यातलं मायचं आजारपण खरं आहे. तिची गर्भाची पिशवी काढली. तिला आता पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, मग डोक्यावर मोळी कुठली? दिवाळीला घरी गेले तेव्हा गावात टँकर यायचा त्या दिवशी सण वाटायचा. बाजरी वीतभर होऊन वाळली होती आणि बैल दावणीला बसले की उठायला तयार नव्हते. कारखान्यावर गेलं की बैलांना निदान उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं मिळतं. पण कोयता म्हणजे जोडी, हे तुझ्यासारख्या शहरातल्या पोरीला सांगावं लागेल. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधून गाडीत भरायच्या. तोडणीच्या टोळ्या नेणारा सर्जेराव मुकादम ओट्यावर बसून आप्पांना म्हणाला, "अर्धा कोयता नेऊन मी काय करू? जोडी हाय का, तेवढं सांगा." आप्पा जमिनीकडं बघत बसले. मग मीच म्हणाले, जोडी आहे. मला कुणी जबरदस्ती केली नाही, हे लक्षात ठेव. आमची शिवकन्या युनिव्हर्सिटीत हाय, असं गावभर सांगत फिरलेला बाप त्या रात्री जेवला नाही.

तू मात्र फोनवर म्हणालीस, हजेरीची काळजी करू नको, मी बघते. तू बघणार हे मला ठाऊकच होतं. दिवाळी झाली की आपल्या वर्गातली बीडची बाकं रिकामी होतात आणि त्यांची हजेरी बाकीच्यांनी लावायची, हा डिपार्टमेंटचा न लिहिलेला नियम. गेल्या वर्षी उत्तरेश्वरची हजेरी तर आपण दोघींनी आळीपाळीनं लावली, आवाज जाड करून. सर मान वर करत नाहीत. त्यांना कळत नसेल असं मला कधीच वाटलं नाही. चांगला माणूस आहे म्हणून खाली बघतो.

आता ऐक. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात तुमची अभ्यास सहल या कारखान्यावर आली होती. आमची गाडी उसाच्या गाड्यांच्या रांगेत उभी होती, आप्पा बैलांपाशी आणि मी वर मोळ्यांवर. विद्यापीठाची बस आत आली आणि मला इतका आनंद झाला की मी उडी मारायला पाय खाली सोडले. मग स्वतःच्या हातांकडं लक्ष गेलं. पाय वर घेतले आणि स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला. तू उतरलीस, तो माझा पिवळा दुपट्टा घालून. बरा दिसतो तुला. सरांनी तिथंच उभं राहून हजेरी घेतली, सहलीचे गुण असतात ना. नावं येत गेली आणि माझं नाव आलं. गाडीवर बसून मी तोंड उघडलं होतं, सत्यशीला. हजर सर, हे शब्द ओठावर आले होते. तेवढ्यात घोळक्यातून तू बारीक आवाजात म्हणालीस, हजर सर. तुझ्या शेजारच्या पोरी हसल्या, तूही हसलीस. सरांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

नंतर एम.ए. भाग एकची एक पोरगी प्रश्न विचारत आमच्या गाडीपाशी आली. गोड होती. मला म्हणाली, मावशी, तुमची शाळा किती झाली? तेविसाव्या वर्षी मावशी झाले बघ. मी काही बोलायच्या आत आप्पाच म्हणाले, "न्हाई झाली शाळा तिची, ताई. ल्हानपनापासून आमच्यासंगंच हाय." एवढं चांगलं खोटं आप्पांना बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. परतताना त्यांनी बैलांना हाकललं. मग म्हणाले, "तुझ्या मैतरणींपुढं तुला मान खाली घालाया लागू ने, म्हून बोललो." मी म्हणाले, बरं केलंत. बरं केलं नव्हतं. मला फार राग आला होता, आणि तो कुणावर आलाय हेच कळत नव्हतं. तोंडावर स्कार्फ होता ते एक बरं, पोटभर रडता आलं.

तुझ्यावर राग नाही. तू मला ओळखलं नाहीस, मीही स्वतःला ओळखलं नसतं. पुस्तक सोबत आणलंय, पण उघडलं की ओळी नुसत्या दिसतात, डोक्यात काही शिरत नाही. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परीक्षेची तारीख निघून जाईल आणि पुढच्या दिवाळीला सर्जेराव पुन्हा ओट्यावर येऊन बसेल. माय काही मोळी उचलणार नाही. मी परत येईन असं मला वाटत नाही, शीले. पलंगावरची माझी बाजू गावाकडच्या एखाद्या पोरीला दे, दुपट्टा तुला राहू दे. आणि ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते एवढंच, की माझी हजेरी लावणं थांबव. तू हजर म्हणतेस तोवर मी गेलेय हे कुणाला दिसतच नाही. सरांना खाली बघायची सवय झालीय, आपल्याला आवाज बदलायची, आणि वर्ग कागदावर भरलेला राहतो. उद्या माझं नाव आलं की काही बोलू नकोस. सर दुसऱ्यांदा पुकारतील, तेव्हाही गप्प राहा. मग ते मान वर करतील. माझ्या बाकाकडं त्यांना नीट बघू दे.

तुझीच,
शिवकन्या