चिकाची किटली

प्रिय आबा,

चीक नासला नाही. त्याच संध्याकाळी गूळ-वेलदोडा घालून खरवस केला, वड्या छान पडल्या. घरात सगळ्यांनी मागून मागून खाल्ला. मी मात्र एक वडीही घेतली नाही. म्हैस व्याली की पहिला चीक लेकीला, हा तुमचा नेम माझं लग्न झालं तरी मोडला नाही. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून तुम्ही थेट माझ्या शाळेत आलात.

सातवीला मूल्यशिक्षण मी घेते, हे तुम्हीच सगळ्या कट्ट्याला सांगितलंय. दारात शिपाई येवो नाहीतर साहेब, उठून उभं राहायचं, एवढं पोरांच्या अंगवळणी पाडायला मला अख्खं सत्र लागलं. त्या दिवशी तेच बघायला संस्थेचे पाहुणे मागच्या बाकावर बसले होते. तेवढ्यात तुम्ही आलात. दुमडलेली विजार, शेणानं भरलेल्या चपला, हातात किटली. अख्खा वर्ग ताडकन उभा राहिला. आणि मी म्हणाले, "बसा रे, दूधवाले आहेत."

पाहुण्यांसमोर मला तुमच्या चपलांची लाज वाटली, आबा. दुसरं काही कारण नाही, शोधून बघितलं.

पाहुण्यांनी शिस्तीचं कौतुक केलं, तेही मी हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी अदिती नावाच्या एका धीट पोरीनं भर वर्गात विचारलं, "मॅडम, दूधवाल्यांसाठी उठायचं नसतंय व्हय?" मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत राहिले. काल आमच्या शिपाई चिमणाबाई सूचना घेऊन आल्या, तर निम्मी पोरं बसूनच होती. कुणाला रागवू?

फोनवर तुम्ही काहीच न घडल्यासारखं म्हशीचं सांगत बसता, म्हणून लिहितेय. चार शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं. तुम्ही मात्र किटली उंबऱ्याशी ठेवलीत, "येतो मॅडम" म्हणालात आणि माझं खोटं सांभाळून घेतलंत. किटली मी मुद्दाम परत पाठवलेली नाही. शनिवारी ती न्यायला या, त्याच चपला घालून. पोरं उठोत न उठोत, मी पुढं येऊन पाया पडेन आणि कोण आलंय ते अदितीला सांगेन. फक्त मॅडम म्हणू नका. कट्ट्यावरून मारता तशी हाक मारा, सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी, "ए क्रांते!"

तुमचीच,
क्रांती