विचारून चाललेली वाट

९ सप्टेंबर, मंगळवार

पॅरिश कौन्सिलची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, मीटिंग. निवडणुकीविना सदस्य म्हणून को-ऑप्ट होऊन दीड वर्ष झालं, तरी व्हिलेज हॉलच्या त्या घडीच्या खुर्चीत बसले की इंटरव्ह्यूला आल्यासारखं वाटतं. छत्तीस वर्षं लोकांना भूल दिली, ऑपरेशन थिएटरमध्ये कधी कचरले नाही. इथे शेवटी 'एनी अदर बिझनेस', म्हणजे आणखी कुणाला काही बोलायचंय का, आलं की मी अजेंड्याचा कागद वाचत बसते.

पहिली चाळीस मिनिटं कुत्र्यांच्या घाणीच्या डब्यावर. डबा चेअरमन कॉलिनच्याच फाटकासमोर येणार, म्हणून त्याने आपला हितसंबंध आहे असा 'इंटरेस्ट' डिक्लेअर केला आणि नियमाप्रमाणे बाहेर जाऊन पॅसेजमध्ये चहा पीत उभा राहिला. दाराच्या काचेतून त्याचे टवकारलेले कान दिसत होते. ठराव पास.

मग खरा विषय. टॉमच्या शेताला तारा ठोकल्यात. टॉम मार्चमध्ये गेला, शेत पुतण्याकडे, सायमनकडे आलं. त्याला तिथे घोडे ठेवायचेत. हॉलच्या मागून चर्चला जाणारी पायवाट त्या शेतातूनच जाते, आणि ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नकाशावर कधी नोंदवलेलीच नाही असं आता निघालंय. सगळे संतापले, म्हणजे इथले लोक संतापतात तसे. "दॅट्स अ बिट मच, रिअली."

आमची क्लार्क जिल हिने समजावलं. वीस वर्षं लोक उघडपणे चालत आले असतील, कुणी अडवलं नसेल आणि कुणी परवानगीही घेतली नसेल, तर तो हक्क होतो. प्रत्येकाने फॉर्म भरायचा, कौन्सिलने गोळा करून काउंटीला पाठवायचे. फाइल कुणाकडे? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नंदा, तू पंचवीस वर्षं रोज चालतेस. तू आणि मार्गरेट. तुमच्याइतकं सलग कुणीच नाही."

मान मिळाला की मी लगेच हो म्हणते. वाईट खोड.

१४ सप्टेंबर, रवि.

मार्गरेटबाई शेजारच्या. शहाऐंशी वर्षांच्या, काठी, फिक्या निळ्या रंगाचा एकच कोट. दर रविवारी दहा वाजता शेतातून चर्चच्या मागे, रॉनच्या थडग्याशी. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, एक रविवार चुकलेला नाही. आता तारांमुळे डांबरी रस्त्याने जावं लागतं. फुटपाथ नाही, दोन्हीकडे उंच झुडपं, मधे ते आंधळं वळण.

आज मी सोबत गेले. पाऊण तास लागला, शेतातून दहा मिनिटांचं काम. रॉनपाशी त्या नेहमी काहीतरी पुटपुटतात, मी लांब उभी राहते. आज म्हणाल्या, "त्याला सांगितलं, आता उशीर होत जाईल."

२१ सप्टें.

मार्गरेटबाई आज एकट्याच गेल्या. मी ब्रॅकनेलला लेकीकडे, ईशाकडे होते. वळणावर व्हॅन अगदी जवळून गेली, त्या झुडपात पडल्या. मनगट मुरगळलं, मोडलं नाही. मी संध्याकाळी जाऊन बघितलं, बोटं हलवून घेतली. हॉस्पिटलला जायला साफ नकार. "डॉक्टर शेजारी असताना सहा तास रांगेत कशाला बसू?"

 ही वाट परत मिळायलाच हवी. हौस म्हणून नाही. एक दिवस या बाई त्या वळणावर जातील.

२६ सप्टें.

अकरा फॉर्म जमले. बहुतेकांचे आठ, बारा, चौदा वर्षांचे. जिल म्हणाली, तारखांसकट काही लिखित असेल तर सोन्याहून मोलाचं. फोटो, पत्रं, डायरी.

"डायऱ्या आहेत माझ्या. दर वर्षीची एक."

ती खुर्चीतून उठलीच. "पंचवीस? नंदा! आणि हे आज सांगतेस?"

"मराठीत आहेत."

"मग तूच इंग्रजी कर आणि खाली सही कर. तुझ्याशिवाय कोण वाचणार?"

घरी येऊन माळ्यावरून पेटी काढली. फार खूश होते. माझ्या या गिचमिड अक्षराने गावाची वाट सुटणार. माझा नवरा, वि., आज असता तर म्हणाला असता, बघ, मी म्हणत होतो ना लिहीत जा.

५ ऑक्टो., रवि.

लिहू की नको करत बसलेय. पण इथे नाही लिहिणार तर कुठे.

आठवडाभर वह्या वाचतेय. सुरुवातीला मजा आली. 'शेतातून गेलो, नवे बूट शेणात.' 'वि. गायीशी मराठीत बोलला, ती ऐकत होती.' तारखा उतरवत गेले. मग आज पहिल्याच वर्षाची वही नीट वाचली. आम्ही राहायला आलो त्यानंतर तिसऱ्या शनिवारी:

'शेताचा मालक भेटला, टॉम. वि.ने टोपी काढून विचारलं, आम्ही इथून रोज गेलो तर चालेल का. तो म्हणाला, जा की, माझी हरकत नाही. किती भला माणूस.'

आणि मग दर दिवाळीला, एकही वर्ष न चुकता: 'टॉमला फराळ दिला. वाटेबद्दल थँक्यू म्हटलं. तो म्हणाला, यू कॅरी ऑन, लव्ह.' बेसनाचे लाडू, चिवडा, चकल्या. चकल्या त्याला फार आवडायच्या, मोजून खायचा.

फॉर्मवरचा अकरावा प्रश्न: तुम्ही कधी परवानगी मागितली किंवा तुम्हाला ती मिळाली का?

मागितली. मिळाली. आणि दर वर्षी डबा भरून तिची उजळणी केली.

जिलला आडून विचारलं, समजा कुणी विचारून जात असेल तर? ती म्हणाली, "मग तो हक्क नाही, मालकाची मेहरबानी. त्या माणसाची वर्षं धरत नाहीत." माझी पंचवीस वर्षं गेली. लागणाऱ्या वीसपैकी पहिल्या सहा वर्षांसाठी उरल्या एकट्या मार्गरेटबाई.

वि.चं ठरलेलं वाक्य होतं, विचारण्यात आपलं काय जातं? काय गेलं ते आज कळलं.

६ ऑक्टो.

ईशाचा फोन. सांगितलं तिला. आधी हसली, मग चिडली.

"आई, पण तू का विचारला? नोबडी आस्क्स! सगळे लोक फक्त चालतात."

"नवीन होतो गं. कुणाच्या शेतातून जायचं, तर विचारायला नको?"

"नवीन? ट्वेंटी-फाइव्ह इयर्स तू नवीन आहे? दर दिवाळी थँक्यू? यू लिव्ह देअर, आई. ते तुझा गाव आहे."

फोन ठेवला आणि रडू आलं. राग ईशाचा नाही. खरंच आहे तिचं. या देशात मी प्रत्येक दारात आधी टकटक केली, उघडं असलं तरी. व्हिसा, पोस्टिंग, मॉर्गेज, तुळशीचं रोप विमानतळावर. ज्यांना विचारायचं सुचलंच नाही त्यांचा हक्क झाला. ज्यांनी विचारलं त्यांच्यावर उपकार झाले.

९ ऑक्टो.

मार्गरेटबाईंना सांगितलं. वाटलं होतं त्या हसतील, 'हाऊ लव्हली' म्हणतील. त्यांनी कप बशीत ठेवला. मनगटाला अजून पट्टा आहे.

"टॉम गेला," म्हणाल्या. "तुझा नवराही गेला. तुझी भाषा इथे कुणाला येत नाही. कोणाला कळणार आहे, नंदा?"

"मला."

त्यांनी दुसरा कप विचारला नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यांचं काय चुकलं? त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. दोन ओळी आणि पंचवीस दिवाळ्या गाळायच्या, बस्स. बाकी अक्षर न अक्षर खरं.

१२ ऑक्टो., रवि.

मार्गरेटबाई न सांगताच गेल्या. मी खिडकीतून निळा कोट वळणापर्यंत बघत राहिले, मग न राहवून मागे गेले, लांबून. त्यांना कळू दिलं नाही. बहुधा कळलं असावं.

१३ ऑक्टो.

काल रात्री आणि आज सकाळी दोन्ही भाषांतरं करून पाहिली. गाळलेलं, आणि न गाळलेलं. गाळलेलं छान झालंय, वकिलाने लिहिल्यासारखं. पण त्या शनिवारची ओळ काढली की वि.ही जातो. टोपी हातात घेऊन, थंडीत कान लाल झालेले, आपल्या त्या पुणेरी इंग्रजीत परक्या माणसाशी अदबीने बोलतोय. त्याचं काय चुकलं म्हणून त्याला खोडू? माझ्याच्याने होणार नाही. मार्गरेटबाईंचं नुकसान होतंय हे माहीत असूनही होणार नाही, हे लिहून ठेवते.

१४ ऑक्टो., मंगळ.

मीटिंगआधी जिलला कागद दिले. सगळे. तिने वाचले, चष्मा काढला. "हे तू गाळलं असतंस तर आम्हाला कधीच कळलं नसतं."

"ठाऊक आहे."

ती ओरडली नाही. म्हणाली, केस संपत नाही, कमकुवत होते. तुझी परवानगी तुझ्यापुरती, बाकीच्यांनी कुणी विचारलेलं नाही. मार्गरेटची साक्ष सगळ्यात महत्त्वाची. फक्त काउंटीकडे अर्जांचा ढीग आहे, वर्षं लागतील. आणि यापुढे कुणीही, कुणीही, सायमनकडे परवानगी मागायची नाही. हे सांगताना ती माझ्याकडेच बघत होती.

मीटिंगमध्ये मी उभी राहून सांगितलं.  कॉलिन म्हणाला, "वेल. थँक यू, नंदा," आणि पुढचा विषय घेतला. खड्डे. कौतुक की राग ते या लोकांच्या आवाजावरून मला आजही कळत नाही.

१९ ऑक्टो.

चकल्या तुटल्या. मोहन जास्त झालं. दुसरा घाणा बरा. सवयीने टॉमचा डबा भरला आणि मग हात थांबला. द्यायचा कुणाला?

२२ ऑक्टो., बुध. पाडवा.

डबा घेऊन सायमनकडे गेले. खूप विचार केला. शेजारी नवीन आलाय, दिवाळी आहे, डबा जायलाच हवा. वाटेचा त्यात काही संबंध नाही हे स्वतःला तीनदा बजावलं.

माणूस वाईट नाही. बूट चिखलाने भरलेले, डोळ्यांत झोप नाही. डबा उघडून म्हणाला, "अंकल सांगायचे याबद्दल. द कर्ली वन्स. हे कशासाठी?"

जीभ त्याच जुन्या वाक्याकडे निघाली होती. वळवली. "दिवाळी आहे. शेजारी म्हणून."

मग तो चाचरत म्हणाला, "डॉक्टर, माझं तुमच्याशी भांडण नाही. गाव घुसतं, कुत्री मोकळी सोडतात, घोडे बिथरतात. पण तुम्ही नेहमी विचारून जायचात. तुम्हाला खुशाल जाऊ देईन. फाटकाची किल्ली देतो. जस्ट आस्क."

त्याच्या मागे फाटक दिसत होतं. पलीकडे वाट, तिच्या टोकाला चर्चचं छप्पर. वि. रोज ज्याच्याखाली थांबायचा तो ओक. मला इतकं जावंसं वाटलं की पाऊल तिकडे वळलंच.

"नको," मी म्हटलं. "थँक यू. पण नको."

आयुष्यात इतकं उद्धट मी कुणाशी बोलले नव्हते. लाडू खा म्हटलं आणि रस्त्याने घरी आले.

२६ ऑक्टो., रवि.

पावणेदहाला बेल. मार्गरेटबाई, निळा कोट, पट्टा निघालेला. किल्लीचं मी जिलला सांगितलं होतं, तिनेच यांना सांगितलं असणार सगळं.

रस्त्याने निघालो. मी रस्त्याच्या बाजूला, त्या झुडपाच्या. फाटकापाशी थांबल्या.

"त्याने तुला किल्ली देऊ केली. घेतली का नाहीस?"

"मला एकटीला देत होता."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि माझा दंड धरला. वळणावर लॉरी आली, दोघी झुडपाला चिकटून उभ्या राहिलो. काटे माझ्या कोटात, पानं त्यांच्या केसांत.

रॉनपाशी आज मला जवळ बोलावलं. मी खिशातून काउंटीचं पत्र काढून त्यांना दाखवलं. अर्ज पोचला, निर्णयाला किती काळ लागेल ते आत्ता सांगता येत नाही. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं.

"मग मला जगायलाच हवं," म्हणाल्या.

पुढच्या रविवारी साडेनवालाच ये, असंही म्हणाल्या. या रस्त्याने त्यांना वेळ लागतो.