‘दोन घंट्या’चा चोर

१० जुलै, गुरुवार
आजपासून वर्षावास. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. मीही तीन संकल्प केले. राग नाही. मोबाईल नाही. गोड नाही. दुपारी बेसनाचा लाडू खाल्ला, पण तो कालच केलेला होता, तेव्हा कालच्यात धरला.

१२ जुलै, शनिवार
माझं पुस्तक चोरीला गेलं. शेजारची वृषाली मोबाईल घेऊन पळत आली. म्हणाली, काकू, तुमचं ‘दोन घंट्या’ नेटवर फुकट मिळतंय, मुखपृष्ठासकट! नीट पाहिलं. खरंच सगळं होतं. अर्पणपत्रिकासुद्धा सोडली नाही मेल्यानं.
हे एसटीत कंडक्टर होते. एक घंटी मारली की गाडी थांबते, दोन मारल्या की निघते. स्वतः निघाले तेव्हा एकही मारली नाही. झोपेतच गेले. म्हणून मी पुस्तक लिहिलं. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. लग्नानंतर गाड्यांच्या पाट्या वाचून शिकले. पहिला शब्द ‘ईट’, गावाचं नाव. दोन अक्षरं, सोपा. अशा बाईचं पुस्तक चोरतात?
चोराचं नाव ‘लालपरी कळंब’. शेजारी टिकलीएवढा गोल फोटो, त्यात लाल एसटी. म्हणजे चोर आमच्या कळंब डेपोतला. पुढचा विचार करायची गरजच पडली नाही. धोंडप्पा. ह्यांच्या गाडीवरचा ड्रायव्हर. धाराशिवची गाडी तो येरमाळ्याला भजी खायला थांबवायचा, हे मी पुस्तकात लिहिलंय. सूड घेतला.

१३ जुलै, रविवार
पुस्तकाचा खप का नाही, ते आता कळलं. ह्यांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला रिवाजाप्रमाणे आलेल्या प्रत्येकाला एक प्रत दिली. जेवले, पुस्तक घेतलं, गेले. उरलेले गठ्ठे पलंगाखाली. त्यानंतर विकत एकही गेलं नाही. चोरांमुळे. चोरी नंतरची आहे हे खरं, पण चोर आधीपासून तयारीत असणार.
मला प्रसिद्धीची हौस नाही. ह्यांचं नाव डेपोच्या फाटकाबाहेर जावं एवढंच वाटतं. पण रीतसर जावं.

१४ जुलै, सोमवार
घाव घातला. माहेरचा ग्रुप, विहाराचा ग्रुप, बचतगट, एसटी पेन्शनर, सगळीकडं मेसेज टाकला: ‘माझ्या पुस्तकाची चोरीची लिंक फिरत आहे. कुणीही उघडू नये. ओळखता यावी म्हणून लिंक खाली दिली आहे.’
रात्री साइटवर बघणाऱ्यांचा आकडा पाहिला. दुप्पट! टोळी वाटली होती त्यापेक्षा मोठी आहे.
आकड्यावर रोज नजर ठेवायची. मोबाईलचा संकल्प तेवढ्यापुरता बाजूला.

१७ जुलै, गुरुवार
अर्ध्या तिकिटात धाराशिव. पोलिसांच्या सायबर खात्यात गेले. साहेब तरुण. काय चोरीला गेलं मावशी? म्हटलं, पुस्तक. म्हणाले, आता कुठं आहे ते? म्हटलं, पलंगाखाली. त्यांनी पेन खाली ठेवून मला पाणी मागवलं.
मग समजुतीनं सांगितलं. आधी त्या साइटलाच कळवा, लेखकाच्या तक्रारीसाठी तिथं फॉर्म असतो. नाही ऐकलं तर या. पुरावा म्हणून मी त्यांना लिंक पाठवली. पिशवीत चष्मा शोधत होते तोवर ते मोबाईलमध्ये गढून गेले. निघताना हळूच विचारलं, मावशी, ते भज्यांचं खरंय का?
पोलीसही टोळीच्या नादी लागले.

२० जुलै, रविवार
वृषालीला बसवून माझ्याच फोनवरून फॉर्म भरला. तासाभरात इंग्रजीत उत्तर. तिनं वाचून दाखवलं: ही फाईल तुमच्याच खात्यावर आहे, तुम्ही ती केव्हाही काढू शकता. काकू, म्हणजे... असं काहीतरी ती बोलायला लागली, तर तिला चहा टाकायला पाठवलं.
काय पण कंपनी! घरात चोर शिरला तर म्हणे तुम्हीच हाकला. जबाबदारी झटकायची ही एक तऱ्हा.

२४ जुलै, गुरुवार
धोंडप्पा विहारात येत नाही, पण डेपोतले बरेच येतात. साथीदार पकडायला नामी जागा. पंचशील म्हणताना दुसरं शील, अदिन्नादाना वेरमणी, मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. न दिलेलं घेणार नाही! आणि एक डोळा उघडा ठेवून बघितलं, कुणाचा आवाज कापतो. कुणाचा कापला नाही. मलाच ठसका लागला.
बाहेर भिमाबाईंनी धरलं. ऐंशीच्या आहेत, माझ्या सासूच्या मैत्रीण. अगं, एक डोळा का उघडा तुझा? मोतीबिंदू झालाय का? मग म्हणाल्या, मोबाईलातलं तुझं पुस्तक नातीनं मोठं मोठं करून दावलं. तुझा व्यंकट डोळ्यापुढं उभा राहिला बघ. म्हटलं, तुम्हाला तर कागदाचं दिलं होतं की. म्हणाल्या, त्याचं अक्षर लई बारीक, न्हाय दिसत.
हे मात्र खरं. छापायच्या आधी प्रूफ वाचताना मलाही दिसेना. तेव्हा अशाच एका साइटवर फाईल टाकून अक्षर मोठं करून घेतलं होतं. मध्ये मध्ये ती काहीतरी विचारत होती. मी सगळ्याला ‘हो’ दाबलं. ‘हो’ म्हटलं की काम लवकर होतं. पण हे चोरांनाही सुचावं?

२७ जुलै, रविवार
थेट धोंडप्पाच्या घरी. दारातच म्हटलं, भाऊजी, लालपरी कोण? तो म्हणाला, वहिनी, आपली गाडी, दुसरी कोण? खिशातून फोन काढून दाखवला. बटणाचा. त्यावर पुस्तक सोडा, फोटोही येत नाही.
मग तोच चिडला. माझी बदनामी पार लातूरपर्यंत गेली म्हणे, जावई विचारतोय. आणि वहिनी, भजी खायला गाडी मी थांबवत नव्हतो. व्यंकटच म्हणायचा, धोंड्या, घे बाजूला, घरी गेलो की पुन्हा दोडकाच हाय.
दोडका ह्यांना आवडतो, असं मी पुस्तकात लिहिलंय. पान तेहतीस.
धोंडप्पाच्या बायकोनं खायला चुरमुऱ्यांची सुशीला दिली. तपासासाठी दोनदा घेतली. धोंडप्पा निर्दोष. खरा चोर फार हुशार आहे.

२ ऑगस्ट, शनिवार
श्रावस्ती आली. धाराशिवला बँकेत आहे, पोरीला सवड नसते. सगळं ऐकून म्हणाली, आई, फोन दे. जरा बघितलं आणि खो-खो हसत सुटली. आई, चोर सापडला. तूच! अक्षर मोठं करायला टाकलंस तेव्हा तूच सगळ्यांसाठी खुलं केलंस. आणि हे बघणारे, यातही निम्म्या वेळा तूच आहेस. रोज किती वेळा उघडतेस?
म्हटलं, मी कशाला लालपरी नाव लावू?
 तो टिकलीएवढा फोटो तिनं दोन बोटांनी मोठा केला. गाडीच्या दारात हे उभे. खाकी शर्ट, एक हात घंटीच्या दोरीला. निवृत्तीच्या दिवशीचा. खातं ह्यांचं. फोनच ह्यांचा आहे की, मी फक्त कव्हर बदललं.
तीन आठवडे ह्यांना मेल्या मेल्या म्हणत होते.
मग श्रावस्ती म्हणाली, इथं दाबलं की फाईल जाते. दाबू? आणि मध्येच थांबली. खाली कुणीतरी लिहिलं होतं. अर्पिता, ईट. ‘माझी आई शेवटच्या गाडीला नेहमी उशिरा यायची. एक कंडक्टर होते, ती लांबून दिसली की दुसरी घंटी मारायचे नाहीत. आई आता नाही. फोटोवरून ओळखलं. त्यांचं नाव व्यंकट होतं, हे आज कळलं.’
ईटची कुठलीही बाई पुस्तकात नाही. ह्यांनी मला हे कधी सांगितलं नाही.
श्रावस्ती म्हणाली, काय करू? म्हटलं, राहू दे. पुरावा आहे.

९ ऑगस्ट, शनिवार
पौर्णिमा. दुसरं शील हळू म्हटलं, दोन्ही डोळे मिटून. जे दिलंय ते घेतलं तर शील मोडत नाही.
अर्पिताला उत्तर लिहिलं: कागदी प्रत पाठवते, पैसे नकोत, पत्ता द्या.
लगेच उलट आलं: ‘नको काकू, त्रास नका घेऊ. मोबाईलातलं अक्षर मोठं आहे.’
दोडका केला होता. फोन समोर ठेवून जेवले.